फाइली राहू द्या, लॅबच्या मागचं दार उघडायला सांगा

इंजिनीअरिंग कॉलेजांच्या तपासणीला जाणाऱ्या कमिट्यांच्या सगळ्या सदस्यांना,

नमस्कार सर, नमस्कार मॅडम.

तुमच्यातल्या कुणीतरी मला बघितलं असण्याची शक्यता आहे. एका तालुक्याच्या गावातल्या प्रायव्हेट इंजिनीअरिंग कॉलेजात मी नऊ वर्षं सिव्हिलला असिस्टंट प्रोफेसर होतो आणि त्या नऊ वर्षांत कोर्सला मान्यतेचा शिक्का देणारी एनबीए, अख्ख्या कॉलेजला ग्रेड देणारी नॅक, कॉलेज चालवायला परवानगी देणारी एआयसीटीई, युनिव्हर्सिटीची कमिटी, शिवाय त्या सगळ्यांच्या आधी होणाऱ्या रंगीत तालमीसाठी येणारी मॉक कमिटी, अशा किती गाड्या गेटातून आत आल्या त्याचा हिशोब नाही. पोर्चमध्ये टाय बांधून बुके घेऊन जे दोन-तीन मास्तर उभे असतात ना, त्यातला एक मी. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण आज तिथं जी पोरं शिकतायत त्यांच्या मार्कशीटवर ते नाव छापलेलं आहे आणि त्यांना मला नोकरीच्या बाजारात उघडं पाडायचं नाहीये.

आता मी एका आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर क्वालिटीला आहे. मागच्या जूनमध्ये ट्रेनीच्या जागेसाठी मुलाखती घेत होतो तेव्हा एक पोरगा आला, सीजीपीए चांगला, बोलायला नम्र, फोल्डरमध्ये प्रोजेक्ट रिपोर्ट आणि जुन्या प्रॅक्टिकलच्या फाइलीसुद्धा नीट कव्हर घालून आणलेल्या. मी त्याला म्हटलं, चल लॅबमध्ये, तो पाण्यातनं काढलेला क्यूब, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा, घे आणि दाब देऊन फोडायच्या मशीनला लाव. त्यानं आठ किलोचा क्यूब दोन्ही हातांनी उचलला आणि थापीची खरबरीत बाजू वर करून सरळ ठेवला.

जे सिव्हिलचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. 150 मिमीच्या मोल्डमध्ये काँक्रीट भरल्यावर वरची बाजू आपण थापीनं सारखी करतो, ती कितीही सारखी केली तरी मोल्डच्या लोखंडाला लागलेल्या बाजूंइतकी सपाट होत नाही, म्हणून टेस्टच्या वेळी क्यूब फिरवून ठेवायचा, थापीची बाजू वर-खाली येऊ द्यायची नाही, आयएस 516 या काँक्रीट टेस्टच्या भारतीय मानकात हे स्पष्ट लिहिलंय. पण ज्यानं आयुष्यात दोन क्यूब स्वतःच्या हातानं फोडलेत त्याला आयएस कोड उघडावा लागत नाही, हात आपोआप क्यूब फिरवतो. या पोराचा हात फिरला नाही. मी विचारलं, कॉलेज कुठलं? त्यानं माझ्याच कॉलेजचं नाव सांगितलं.

मग मी त्याची काँक्रीटची फाइल उघडली. 28 दिवसांचं रीडिंग, 612 किलोन्यूटन, म्हणजे 612000 न्यूटन, भागिले क्यूबच्या बाजूचं क्षेत्रफळ 22500 चौरस मिमी, उत्तर 27.2.

हा आकडा मी ओळखतो. हा आकडा खरा आहे, म्हणजे कधीकाळी खरा होता. एम20 चा, म्हणजे 28 दिवसांनी चौरस मिमीला 20 न्यूटन ताकद अपेक्षित असलेल्या काँक्रीटचा, एक क्यूब एका बॅचनं माझ्यासमोर फोडला होता तेव्हा काटा 612 ला थांबला होता, पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढच्या वर्षी मशीनच्या पंपातनं ऑइल गळायला लागलं, प्रेशर धरेना, दुरुस्तीचं कोटेशन आणलं, एचओडींची सही झाली, प्रिन्सिपलांची झाली, संस्थेच्या ऑफिसात जाऊन ते पडलं ते पडलंच. आणि तेव्हापासून 612 हे रीडिंग एका बॅचच्या फाइलीतून दुसऱ्या बॅचच्या फाइलीत उतरत आलंय, 60 पोरांच्या 60 फाइलींत दशांशासकट तेच, आणि त्यातल्या कितीतरी फाइलींवर माझी सही आहे. हो, मी सह्या केल्यात. सबमिशनच्या आठवड्यात टेबलावर ढीग पडलेला असतो, बाहेर पोरं उभी असतात, सही नाही केली तर त्यांचं वर्ष अडकतं आणि मशीन दुरुस्त करणं माझ्या हातात नसतं, असं मी स्वतःला सांगायचो. तो पोरगा माझ्यासमोर तो क्यूब चुकीचा ठेवून माझ्याकडे बघत उभा राहिला तेव्हा मात्र मला त्या प्रत्येक सहीची लाज वाटली, आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा ती मशीन तुम्हीही बघितली होती. आमच्याकडची व्हिजिट शुक्रवार ते रविवार होती. त्याआधीच्या दीड महिन्यात कॉलेजात शिकवणं जवळजवळ बंद होतं, खरं सांगतो, तासाला जाऊन हजेरी घ्यायची, पोरांना लायब्ररीत पाठवायचं आणि स्टाफरूममध्ये येऊन एक्सेल उघडायचं. सीओ-पीओ अटेनमेंट, म्हणजे पोरगं विषय किती शिकलं हे टक्क्यांत दाखवायचं कोष्टक, ते मागच्या तीन वर्षांचं एका महिन्यात भरलं, आणि उलट्या बाजूनं भरलं, आधी शेवटचा आकडा ठरवला मग त्याला जुळतील असे खालचे आकडे टाकले. लॉगबुकं वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी लिहिली, म्हणजे एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसू नयेत. मीटिंगांची मिनिट्स लिहिली, ज्या मीटिंगा झाल्याच नव्हत्या. आणि ती कॉम्प्रेशन मशीन हिरव्या ऑइलपेंटनं रंगवली, शेजारी फ्लेक्सवर तिची माहिती, किंमत, प्रयोगांची यादी लावली. तुम्ही मशीनसमोर थांबलात, फ्लेक्स वाचला, लॉगबुक चाळलं, गुड म्हणालात आणि पुढं गेलात. मी तिथंच होतो. तुम्ही फक्त चालू करा म्हणाला असतात तर सगळं तिथंच संपलं असतं, आणि मनातून मला वाटत होतं की तुम्ही म्हणावं.

त्याच दिवशी दुपारी सर्व्हेच्या लॅबमध्ये काय झालं ते पण सांगतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

आमच्याकडे सर्व्हे शिकवायला एक सर होते, डिप्लोमाचे जुने इन्स्ट्रक्टर, पीएचडी नाही, पेपर नाहीत, पेटंट नाही. सकाळी सातला बॅच मैदानात. डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण, लावायची, गेटपासून लेव्हलिंग सुरू करून मारुतीच्या देवळापर्यंत जायचं आणि परत गेटला येऊन क्लोज करायचं, क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर उंचीत पडणारा फरक, मर्यादेत आली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत सातला. पोरी पण तिपाई खांद्यावर टाकून चालायच्या. या सरांच्या हाताखालून गेलेलं पोरगं मला आजही साइटवर भेटतं तेव्हा ते चांगल्या नोकरीत असतं आणि सरांची चौकशी करतं. तर त्या सरांच्या लॅबमधल्या स्टाफवरचे, म्हणजे उंची मोजायच्या पट्ट्यांवरचे, आकडे वापरून वापरून पुसट झाले होते, तिपायांचे पाय घासले होते, प्लेन टेबलच्या फळीवर पिनांची हजार भोकं होती. तुमच्यातल्या एका सदस्यांनी ते बघून विचारलं की इक्विपमेंट एवढं जुनं का, मेंटेनन्स रजिस्टर कुठंय, लॅबमध्ये डिस्प्ले चार्ट का नाहीत. संध्याकाळी त्या लॅबच्या नावानं शेरा आला. सरांना प्रिन्सिपलांनी सगळ्यांसमोर बोलावून सुनावलं. बंद पडलेली रंगवलेली मशीन पास झाली आणि अख्ख्या कॉलेजातली रोज चालणारी एकमेव लॅब नापास झाली, आणि आम्ही सगळे मान खाली घालून बसलो होतो.

म्हणून माझी पहिली विनंती. लॅब बघायला जाल तेव्हा पुढच्या दारानं आत गेल्यावर मागचं दार उघडायला सांगा. काँक्रीटची लॅब खरंच चालू असेल तर तिच्या मागे फुटलेल्या क्यूबचा ढीग असतोच, तो कुठं जाणार, एका क्यूबचं आठ किलो वजन, 60 पोरं, तीन बॅचा, 7 दिवसांचे वेगळे, 28 दिवसांचे वेगळे. कॉलेजं तो डबर कंपाउंडच्या कडेला टाकतात नाहीतर खड्ड्यात भरतात, पण असतो. वर्कशॉपच्या मागे लेथच्या चिप्स, सुतारकामाचा भुसा. केमिस्ट्रीत फुटलेल्या टेस्ट ट्यूबची नोंद. काम चाललं की कचरा होतोच, आणि हा कचरा दीड महिन्यात तयार करता येत नाही हो. मग स्टोअरचं रजिस्टर मागा आणि एवढंच बघा की वर्षभरात सिमेंटच्या गोण्या किती आल्या. चारशे पोरांच्या डिपार्टमेंटला वर्षाला दोन गोण्या आल्या असतील तर लॉगबुक उघडायचीच गरज नाही. आणि हजेरीपटातनं तुमच्या मनानं एक रोल नंबर काढा, एचओडी सुचवतील तो पोरगा नको, आणि त्याला म्हणा, बाळ, हे लावून दाखव.

मला माहीत आहे की मार्कांचा साचा तुमच्या हातात नाही. आमच्या वेळच्या फॉरमॅटमध्ये 1000 मार्क होते, त्यात फॅकल्टीला 200, सीओ-पीओला 120, व्हिजन-मिशनला 60, आणि लॅब, मशिनरी, टेक्निशियन सगळं मिळून 80. भिंतीवर लावायच्या चार वाक्यांना 60 आणि चार वर्षं पोरं ज्या लॅबमध्ये काढतात तिला 80, हे ज्यांनी ठरवलं त्यांनाही हे पत्र पोचावं अशी माझी इच्छा आहे. 2014 मध्ये आपण वॉशिंग्टन अकॉर्डचे कायमचे सदस्य झालो, म्हणजे एनबीएचा टियर-1 शिक्का, जो स्वायत्त कॉलेजांना मिळतो, तो असलेली आपली डिग्री अमेरिका, ब्रिटनच्या बरोबरीची धरायची असा त्याचा अर्थ, तेव्हा आम्हाला कॉलेजात पेढे वाटले होते. त्याच एनबीएच्या आमच्या शिक्क्यामागं 612 हा आकडा आहे.

फॅकल्टीच्या 200 मार्कांबद्दल. 20 पोरांमागे एक शिक्षक हा नियम कागदावर सगळीकडे पाळलेला दिसेल. तुमच्या व्हिजिटच्या तीन दिवसांत आमच्या डिपार्टमेंटला असे दोघं-तिघं सर बसलेले असायचे ज्यांना टॉयलेट कुठल्या बाजूला आहे ते मला दाखवावं लागायचं. 2024 मध्ये तामिळनाडूत अण्णा युनिव्हर्सिटीच्या कॉलेजांचं प्रकरण निघालं, एकच माणूस एकाच वेळी अनेक कॉलेजांत फुल टाइम दाखवलेला, ते वाचून आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. ओळखायचं सोपं आहे, पोरांना एकटं भेटा, मॅनेजमेंटचं कुणी खोलीत नको, आणि फक्त विचारा की फ्लुइड मेकॅनिक्स कुणी शिकवलं. आणि आम्हाला, मास्तरांना, विचारा की शेवटचा पगार कुठल्या महिन्याचा आणि कधी झाला. मी सोडलं तेव्हा माझे सात महिन्यांचे पगार थकले होते. सात महिने पगार नसलेला माणूस सातला मैदानात पोरं घेऊन जातो तेव्हा त्याला किती मार्क द्यायचे याचा रकाना तुमच्या फॉरमॅटमध्ये नाही, पण निदान प्रश्न तरी विचारा. आम्ही एचओडींसमोर खोटं बोलू, तुम्ही एकटे विचारलंत तर बोलणार नाही.

प्लेसमेंटवर फार लिहीत नाही, तिथली हातचलाखी सगळ्यांना पाठ आहे, एका पोराच्या तीन ऑफर म्हणजे तीन प्लेसमेंट, ऑफर लेटर आलं पण जॉइनिंग कधी आलंच नाही ते पण प्लेसमेंट. त्या यादीतले पाच नंबर तुमच्या स्वतःच्या फोनवरनं लावा. दहा मिनिटं लागतात.

आता कुणी म्हणेल की अशी कॉलेजं बंदच करा. मला ते बिलकुल मान्य नाही आणि म्हणूनच एवढं लिहितोय. माझा मामा 1980 च्या आसपास डोनेशन भरून कर्नाटकात इंजिनीअरिंगला गेला होता, आजोबांनी त्यासाठी विहिरीखालचं दीड एकर विकलं, कारण तेव्हा इकडे पुणे-मुंबई-सांगलीच्या ठराविक कॉलेजांपलीकडे फारशी सोयच नव्हती. 1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्यावर टीका खूप झाली, पुढं त्यातनं शिक्षणसम्राट तयार झाले तेही खरं, पण आमच्यासारख्यांच्या घरात इंजिनीअर शब्द आला तो याच कॉलेजांमुळे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, रोज एसटीनं तीस किलोमीटर यायची, वडील तिला पुण्याला पाठवायला तयारच नव्हते, कॉलेज तालुक्याला नसतं तर बारावीनंतर तिचं लग्न झालं असतं हे तिनंच मला सांगितलंय. आज ती एका सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनीअर आहे. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी सरकारनं पूर्ण माफ केली, म्हणजे आता अशा मुली आणखी येणार आणि बहुतेकींना घराजवळचंच कॉलेज मिळणार. त्यांना आपण काय देतोय हे तुम्ही तीन दिवसांत ठरवता.

अजून एक गोष्ट तातडीची आहे. एआयसीटीईनं 2024-25 पासून ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा काढली आणि गावोगावच्या कॉलेजांनी सिव्हिल, मेकॅनिकल कमी करून कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्सच्या जागा वाढवल्या. वाढवा, मागणी तिकडं आहे. पण आमच्याकडे ड्रॉइंग हॉलला मधोमध पार्टिशन टाकून दोन कॉम्प्युटर लॅब केल्यात, असं तिथले जुने सहकारी सांगतात, आणि शिकवायला तेच मेकॅनिकलचे सर आहेत ज्यांना उन्हाळ्यात पंधरा दिवसांचं ट्रेनिंग दिलं. कॉम्प्युटरच्या लॅबला मागचं दार नसतं, तिथं फुटलेले क्यूब सापडणार नाहीत. तिथं कीबोर्ड बघा. चार वर्षांच्या लॅबमधल्या कीबोर्डवरची अक्षरं कोरी करकरीत असतील तर पोरं त्यावर बसलेली नाहीत. आणि पोराला कोऱ्या स्क्रीनसमोर बसवून दहा ओळींचा प्रोग्राम लिहायला सांगा, कुठलाही, त्याला येईल तो.

फेब्रुवारी 2025 मध्ये नॅकच्या कमिटीतल्या काही सदस्यांना सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली. ती बातमी आली तेव्हा गावाकडच्या पालकांनी मला फोन करून विचारलं की सर, मग ए प्लस-बी प्लस बघायचं का नाही? मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना म्हटलं कॉलेजला जाऊन या, एखाद्या मंगळवारी दुपारी जा, गेटवर नाव लिहा आणि लॅब चालू आहे का ते बघा. पण हे काम त्यांचं नाहीये. ज्या बापानं कधी कॉलेजची पायरी चढली नाही तो कॉम्प्रेशन मशीन चालू आहे का बंद हे कसं ओळखणार, तो तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवून प्रवेशाच्या कॅप राउंडला ऑप्शन फॉर्म भरतो. तुमच्यातले बहुतेक जण स्वतः शिक्षक आहात. लाच घेणारे थोडे असतील, पण सत्कार, शाल, हॉटेलचं जेवण आणि परतीच्या ट्रेनची वेळ यामुळं पुढच्या दारानंच परत फिरणारे बरेच आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्या पोराला मी घेतलं कामावर. पहिल्या दिवशी त्याच्या हातून पहिला क्यूब फुटला, आवाज झाला तसा तो दचकून मागे सरला, आणि मग मला म्हणाला, सर, एवढा आवाज येतो? चार वर्षं सिव्हिल इंजिनीअरिंग करून आलेला मुलगा.

या वर्षी तुम्ही परत कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजात जाल. काँक्रीट लॅबच्या मागच्या दाराला बहुतेक कुलूप असेल आणि एचओडी म्हणतील की किल्ली सापडत नाहीये. किल्ली लॅबच्या शिपाईमामांकडे असते. त्यांच्याकडे मागा.

एक माजी असिस्टंट प्रोफेसर, सिव्हिल